पिन मीच सांगितला होता

गॅस सिलिंडरचे पैसे भरायला गेले तर खात्यात पैसे कमी. पगार होऊन जेमतेम दहा-बारा दिवस झालेले. मी कराडला एका पतसंस्थेत कॅशियर आहे. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ हा कागद माझ्या काउंटरच्या काचेवर मीच चिकटवलाय, त्यामुळे आधी बँकेचीच काहीतरी गडबड असेल असं वाटलं. स्टेटमेंट काढलं. नऊ दिवसांत सहा व्यवहार: 49, 299, 1,000, 2,000, 3,500 आणि 5,000. एकूण 11,848 रुपये, सगळे यूपीआयने, माझ्याच फोनवरून. बँकेचे मेसेज मात्र फोनमध्ये एकही नाही.

मुलगा सातवीत आहे. विचारल्यावर ताटावरून उठला आणि संडासाची कडी लावून बसला. अर्ध्या तासाने बाहेर आला तेव्हा रडून डोळे सुजलेले.

झालं होतं असं. त्याला एक ईमेल आला होता, ‘तुमचा गेमचा आयडी 24 तासांत बंद होणार, खात्री करण्यासाठी लॉगिन करा.’ लिंक उघडली तर जीमेलसारखंच दिसणारं पान. त्याने पासवर्ड टाकला. मग माझ्या फोनवर ‘तुम्हीच साइन इन करत आहात का?’ असं आलं, त्यालाही त्यानेच ‘होय’ केलं. गेमचा आयडी त्याच मेलला जोडलेला, दोन मिनिटांत तो गेला. संध्याकाळी गेममध्ये ओळख झालेल्या एका ‘दादा’चा मेसेज आला, ‘भावा, टेन्शन नको, माझी ओळख आहे, आयडी परत मिळवून देतो, फक्त 49 रुपये फी.’ चोर तोच आणि सोडवणाराही तोच, हे बारा वर्षांच्या पोराला कुठून कळणार?

यूपीआयचा पिन त्याला माहीत कसा? मीच सांगितलेला. दूध, कोथिंबीर आणायला फोन देऊन पाठवायचे ना! व्यवहार झाला की तो बँकेचा मेसेज पुसून टाकायचा. हेही ‘दादा’नेच शिकवलेलं.

1,000 नंतर पोरगा देईना, तेव्हा धमकी सुरू झाली. ‘दादा’ने पोराच्याच आधार कार्डाचा फोटो त्याला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘घर माहितीये, आईला सांगितलंस तर आईवर केस होईल.’ हा फोटो आला कुठून, याचं उत्तर मलाच शोधावं लागलं. दोन वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायची होती, म्हणून मीच आधार त्याच्या मेलवर पाठवलं होतं. ते तिथेच पडून राहिलं. पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधार यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या संस्थेच्या, साइटवर फुकट मिळतं, हे मी पतसंस्थेत गिऱ्हाइकांना सांगते. असो.

त्याच रात्री 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर तक्रारही टाकली. पावती क्रमांक मिळाला. पण ही यंत्रणा पैसे पुढच्या खात्यात अडवून धरते, आणि ते तिथे असले तरच. नऊ दिवसांनी काय असणार? पोलिसांनी स्पष्टच सांगितलं, ‘मॅडम, पैसे काढून घेतलेत. त्याच दिवशी कळवलं असतंत तर बघता आलं असतं.’ बँकेनेही हात वर केले. पिन आमच्याच घरातून टाकला गेलाय, आणि रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे झालेलं नुकसान, बँकेला कळवेपर्यंतचं, ग्राहकावरच पडतं. परिपत्रक मला तोंडपाठ आहे. भांडायला तोंडच नव्हतं.

आणखी एक गोष्ट, जी मलाही माहीत नव्हती. आम्ही मेलचा पासवर्ड बदलला आणि निर्धास्त झालो. तिसऱ्या दिवशी ‘दादा’चा मेसेज, ‘पोलिसात गेलात काय?’ तक्रारीची कागदपत्रं मी त्याच मेलवर ठेवली होती! नणंदेच्या मुलाने सेटिंग उघडून दाखवलं: फॉरवर्डिंगमध्ये एक अनोळखी पत्ता, म्हणजे आलेला प्रत्येक मेल आपोआप तिकडेही जात होता. नुसता पासवर्ड बदलून तो जात नाही. फॉरवर्डिंग, फिल्टर, रिकव्हरीचा नंबर, कुठकुठल्या फोनवर खातं चालू आहे, हे सगळं एकेक करून बघावं लागतं. आम्ही ते खातंच बंद केलं. तसंही पोराने गूगलची 13 वर्षांची अट चुकवायला जन्मसाल 2004 टाकलेलं होतं. आता फॅमिली लिंकवर, म्हणजे मुलांच्या खात्यावर लक्ष ठेवायच्या गूगलच्या सोयीत, माझ्या खात्याला जोडून नवीन काढलंय, आणि यूपीआयचा पिन बदललाय. दुधासाठी सुट्टे पैसे देते.

पोलिसांना द्यायला चॅटचे स्क्रीनशॉट काढत होते तेव्हा ते सगळं पहिल्यांदा नीट वाचलं. 5,000 गेल्यानंतर, रात्री पावणेबाराला, मी शेजारच्या खोलीत झोपलेली असताना पोराने लिहिलंय, ‘दादा आता तरी आयडी द्या ना. आईला कळलं तर ती खूप ओरडेल.’