मॉडिफायर 25 चे हिरवे बटण: कोडिंग सॉफ्टवेअर आठ महिने वापरल्यानंतर

पुण्यात घरी बसून मी अमेरिकेतील एका ऑर्थोपेडिक क्लिनिकचे मेडिकल कोडिंग करते, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदींवरून विम्याच्या बिलासाठी निदानांचे आणि उपचारांचे कोड टाकते, आणि या सॉफ्टवेअरची वर्गणी डॉलरमध्ये, स्वतःच्या पैशांतून भरते; त्यामुळे सूर थोडा कडवट वाटल्यास समजून घ्यावे. कोड शोधण्याची सोय वगैरे सर्वांना ठाऊक आहे. मला बोलायचे आहे ते हिरव्या बटणाविषयी.

तपासणीचा कोड 99213 आणि गुडघ्यातील इंजेक्शनचा 20610 एकाच दिवशी टाकले की एनसीसीआयच्या, म्हणजे कोणते कोड एकत्र लावता येत नाहीत हे सांगणाऱ्या अमेरिकी सरकारी नियमांत ही जोडी अडते. तिच्यापुढे ‘1’ असतो, म्हणजे मॉडिफायर (कोडमागे जोडायची पुरवणी खूण, येथे 25) लावून ती सोडवता येते. मात्र इंजेक्शन द्यायचे की नाही हे ठरवण्यापुरती तपासणी 20610 मध्येच धरलेली असल्यामुळे, त्यापलीकडची लक्षणीय आणि स्वतंत्र तपासणी चार्टमध्ये, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेल्या रुग्णाच्या नोंदीत, असेल तरच. सॉफ्टवेअर चार्ट वाचत नाही. ते ‘1’ पाहते, ‘25 लावा’ असे हिरवे बटण पुढे करते आणि रात्री दोन वाजता चाळिसाव्या चार्टवर पोचलेला माणूस ते दाबून मोकळा होतो. मीही दाबले.

ऑगस्टमध्ये क्लायंटने ऑडिट केले, तेव्हा तीसपैकी सात चार्ट असे निघाले. एकात डॉक्टरांनी ‘ठरल्याप्रमाणे उजव्या गुडघ्यात इंजेक्शन दिले’ एवढेच लिहिले होते आणि त्यावर मी 99213-25 लावला होता. डिनायल, म्हणजे विम्याचा नकार, आले असते तर परवडले असते. येथे क्लेम पास होऊन पैसेही जमा झाले होते. मेडिकेअर या अमेरिकी सरकारी आरोग्य विम्याकडून जास्त आलेली रक्कम लक्षात आल्यावर सर्वसाधारणपणे 60 दिवसांत परत करावी लागते, आणि जाणूनबुजून ठेवून घेतल्यास सरकारकडे खोटे दावे करण्याविरुद्धचा फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्ट लागू होऊ शकतो. कंपनीला लिहिले, तर ‘अंतिम जबाबदारी कोडरची’ असे उत्तर आले. मान्य, मग बटण हिरवे कशाला?

तेव्हा मी एकच तारा दिला असता. आयसीडी-10-सीएम या निदान-कोडांच्या याद्या आणि एनसीसीआयचे तक्ते मेडिकेअर चालवणाऱ्या सीएमएसच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. 99213, 20610 यांसारख्या सीपीटी कोडांचे हक्क अमेरिकन मेडिकल असोसिएशनकडे असल्यामुळे तेवढ्यासाठी पैसे मोजावे लागतात, एवढाच हिशेब माझ्या डोक्यात होता. पण सप्टेंबरमध्ये ट्रायमसिनोलोन या सांध्यात टोचायच्या स्टिरॉइडच्या 40 मिलिग्रॅमसाठी मी घाईत जे3301 या औषधाच्या कोडचे एकच युनिट टाकले, आणि एक युनिट 10 मिलिग्रॅमचे असल्याने चार हवीत असे सांगून याने मला अडवले. 1 ऑक्टोबरचे नवे निदान-कोडही त्याच दिवशी हजर होते. आता तीन तारे.

बटण बंद करता येते, हे मला नंतर सेटिंगच्या तिसऱ्या पानावर सापडले. मात्र दर तिमाहीच्या अपडेटनंतर ते आपोआप पुन्हा सुरू होते. 1 जानेवारीलाही झाले. वर्षाचे पैसे एकदम भरल्यास दोन महिने मोफत आहेत, तरीही मी तूर्त महिन्याचेच भरणार आहे.