फायर टीव्ही स्टिक की गुगल टीव्ही: बसवून देणाऱ्याचा रिव्ह्यू

नाशिकमध्ये सिडको, पाथर्डी फाटा, इंदिरानगर या पट्ट्यात मी केबल आणि वाय-फायची कामं करतो. आधी नुसती केबल होती. आता कनेक्शनबरोबर टीव्हीला स्टिक लावून देणं, अकाउंट टाकून देणं, घरातल्या मोठ्या माणसांना रिमोट शिकवणं हेही आमच्याकडेच आलंय, आणि मला ते काम मनापासून आवडतं. "दादा, फायर टीव्ही स्टिक घेऊ की गुगल टीव्ही?" हा प्रश्न रोजचा आहे. फायर टीव्ही स्टिक म्हणजे टीव्हीला लावून ॲप चालवायची ॲमेझॉनची छोटी कांडी, आणि गुगल टीव्ही म्हणजे त्याच कामाची गुगलची प्रणाली. माझं मत असं की वस्तू म्हणून दोन्ही चांगल्या आहेत. पण घेण्याआधी ती कंपनी कोणाकोणाशी भांडते आहे हे बघून घ्या, कारण त्या भांडणाचा भुर्दंड तुमच्या घरच्या टीव्हीला बसतो.

आधी वस्तूबद्दल. फायर टीव्ही स्टिक टीव्हीच्या मागच्या एचडीएमआय खाचेत (जिथे सेट-टॉप बॉक्सची वायर जाते तिथे) लागते, जागा कमी असेल तर सोबतची छोटी एक्स्टेन्शन वायर लावायची. अडॅप्टर कंपनीचाच वापरा. बरेच जण टीव्हीच्या यूएसबीमधूनच करंट देतात, तो पुरत नाही आणि ऐन सामन्यात स्टिक बंद होऊन पुन्हा सुरू होते. सिडकोची मूळ घरं लहान, त्यावर लोकांनी मजले चढवलेले. राउटर खालच्या खोलीत, टीव्ही वरच्या मजल्यावर आणि मध्ये स्लॅब. राउटर वाय-फायची दोन नेटवर्क देतो, २.४ आणि पाच गिगाहर्ट्झ. तिथे पाचचं नेटवर्क स्लॅब ओलांडताना दम तोडतं. स्टिक २.४ वर ठेवा, वेग थोडा कमी मिळेल पण चित्र अडकणार नाही. स्टिकला लॅन केबलची खाच नसते, त्यासाठी वेगळा अडॅप्टर घ्यावा लागतो. गुगल टीव्ही बहुतेक घरांत टीव्हीच्या आतच आलेला असतो, त्यामुळे तिथे वेगळं काही लावायचा प्रश्न नाही. फक्त स्वस्तातल्या टीव्हीत रॅम (काम करताना लागणारी मेमरी) कमी असते, दोन-तीन वर्षांत तो जड चालायला लागतो. अशा टीव्हीला मी स्टिक लावून देतो आणि टीव्ही नुसता पडदा म्हणून वापरायला सांगतो. त्यात नवा टीव्ही घेण्याचा खर्च वाचतो.

आता रिमोट. पवननगरमध्ये एक आजी आहेत, वय ऐंशीच्या पुढे. सकाळी त्यांना यूट्यूबवर कीर्तन लागतं, संध्याकाळी मराठी मालिका. त्यांच्या रिमोटवर खाली ॲपची तयार बटणं आहेत, आणि त्यातलं एकही त्यांच्या कामाचं नाही. ती बटणं कंपन्यांच्या आपापसातल्या करारातून ठरतात, बघणाऱ्याला कोणी विचारत नाही. मी त्या बटणांवर काळी इन्सुलेशन टेप लावली आणि होमच्या बटणावर लाल टेपचा बारीक तुकडा चिकटवला. आजी डोळ्यांनी फार बघत नाहीत, अंगठ्याला टेपची कड लागली की त्यांना कळतं. होम, उजवीकडे दोनदा, मधलं बटण, की कीर्तन सुरू. मालिकांचं ॲप मी पहिल्या ओळीत आणून ठेवलंय. तरीही स्टिकवर अपडेट आलं आणि स्क्रीनची मांडणी बदलली की फोन येतोच, "दादा, ते उजवीकडचं गेलं कुठं?"

याच आजींच्या घरी २०१८ मध्ये ही स्टिक असती तर कीर्तनच बंद पडलं असतं. ही गोष्ट बऱ्याच जणांना आठवत नाही म्हणून सविस्तर सांगतो. २०१५ मध्ये ॲमेझॉनने आपल्या साइटवरून गुगलचं क्रोमकास्ट (स्टिकसारखंच टीव्हीला लावायचं यंत्र) आणि ॲपलचा टीव्ही बॉक्स विकणं थांबवलं. कारण दिलं की त्यावर त्यांचं प्राइम व्हिडिओ नीट चालत नाही. पण प्राइम व्हिडिओचं ॲप तिथे आणणं त्यांच्याच हातात होतं. पुढे गुगलने उत्तर दिलं. डिसेंबर २०१७ मध्ये जाहीर केलं की १ जानेवारी २०१८ पासून फायर टीव्हीवर यूट्यूब मिळणार नाही. फायर टीव्ही स्टिक भारतात आली एप्रिल २०१७ मध्ये, म्हणजे इथल्या लोकांनी ३,९९९ रुपये मोजून घेतलेल्या वस्तूला वर्षही झालं नव्हतं. मग ॲमेझॉनने फायरफॉक्स आणि स्वतःचा सिल्क ब्राउझर दिला. त्यात यूट्यूबची वेबसाइट उघडायची आणि रिमोटच्या गोल बटणाने पडद्यावरचा बाण सरकवत बसायचं. घरातली तरुण पोरं करतील, ऐंशीच्या आजी नाही करणार. एप्रिल २०१९ मध्ये दोघांनी मिटवून घेतलं आणि जुलै २०१९ मध्ये यूट्यूब फायर टीव्हीवर परत आलं, प्राइम व्हिडिओ क्रोमकास्टवर आला. दीड वर्ष ज्यांनी त्रास काढला त्यांना काय मिळालं? काहीही नाही. स्टिक तीच, रिमोट तोच. तांत्रिक अडचण असती तर एका दुपारी सुटली असती. ग्राहकाला ओलीस धरून केलेलं भांडण होतं ते, आणि मला त्याचा आजही राग येतो.

केबलच्या धंद्यात आम्ही हे आधीपासून बघत आलोय. फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्या दरांच्या करारावरून मोठ्या ब्रॉडकास्टर कंपन्यांनी केबल कंपन्यांचे सिग्नल तोडले. लोकांचे चॅनेल काळे झाले आणि शिव्या आम्ही खाल्ल्या. ग्राहकाने पैसे भरलेले होते, आम्ही पुढे पोचवलेले होते. वरच्यांचं पटत नव्हतं, एवढंच.

टीव्ही घेणाऱ्यांना एक गोष्ट माहीतच नसते. बरीच वर्षं एकाच मोठ्या कंपनीचा एक टीव्ही गुगलवर आणि दुसरा फायर टीव्हीवर चालणारा, असं दुकानात दिसायचं नाही. ओनिडाने २०१९ मध्ये फायर टीव्ही प्रणाली आतच असलेला टीव्ही आणला होता, पण अँड्रॉइडचे फोन आणि टीव्ही बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या त्या वाटेला जात नव्हत्या. गुगलचे करार तसे होते. अँड्रॉइडमध्ये बदल करून बनवलेली दुसरी प्रणाली विकायला घेतली की प्ले स्टोअर आणि यूट्यूब हातचं जायची भीती. फायर टीव्ही अँड्रॉइडवरूनच बनलेला, त्यामुळे तोही त्यात अडकला. मार्च २०२३ मध्ये शाओमीने रेडमीचा फायर टीव्ही भारतात आणला तेव्हा ही वाट मोकळी झाल्याचं दिसलं. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने जून २०२१ मध्ये या करारांची चौकशी लावली होती. एप्रिल २०२५ मध्ये तडजोड झाली, गुगलने २०.२४ कोटी रुपये भरायचं कबूल केलं, आणि टीव्ही कंपन्यांना प्ले स्टोअर व प्ले सर्व्हिसेस सुटं लायसन्स घेऊन लावायची मुभा मिळाली. दोन वकिलांनी केलेल्या तक्रारीतून हे झालं. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. उद्या एम.जी. रोडवर टीव्ही बघायला जाल तेव्हा जास्त पर्याय दिसले तर त्याचं एक कारण हे असेल.

स्पर्धेने फायदा होतच नाही असं म्हणणार नाही, क्रिकेटमध्ये झाला. आयपीएलचे २०२३ पासूनचे हक्क वाटले गेले तेव्हा टीव्ही स्टारकडे आणि डिजिटल व्हायाकॉम १८ कडे गेलं. व्हायाकॉम १८ च्या जिओसिनेमा ॲपने २०२३ ची आयपीएल फुकट दाखवली. त्याला तोंड द्यायला स्टारच्या हॉटस्टारने त्याच वर्षी आशिया कप आणि विश्वचषक फुकट केला, पण फक्त मोबाइलवर. टीव्हीवर बघायचं तर सबस्क्रिप्शन लागणारच. त्या वेळी स्टिक घेऊन बसलेल्या लोकांना हे समजावून सांगता सांगता पुरेवाट झाली. बापाला मोठ्या पडद्यावर मॅच हवी आणि मुलगा फोनवर फुकट बघतोय, असं घरोघर चाललेलं. पुढे दोघांचं एकत्रीकरण झालं आणि १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओहॉटस्टार आलं. तेव्हा तीन महिन्यांचा १४९ रुपयांचा प्लॅन आला तो पुन्हा मोबाइलपुरताच. दोघे भांडत होते तोवर फुकट होतं, एक झाले आणि पैसे लागू झाले. म्हणून कंपन्यांनी एक व्हावं असंही मला वाटत नाही. एकमेकांशी खुशाल झुंजा, फक्त आम्ही विकत घेतलेल्या वस्तूतलं काही काढून घेऊ नका.

नुकत्याच झालेल्या बदलांपैकी तीन माहीत असू द्या. प्राइम व्हिडिओवर १७ जून २०२५ पासून जाहिराती सुरू झाल्या, त्या नको असतील तर तेव्हा वर्षाला ६९९ रुपये वेगळे भरायचे होते. २०२५ च्या शेवटी नेटफ्लिक्सने फोनवर निवडलेलं टीव्हीवर पाठवायची (कास्ट करायची) सोय बहुतेक टीव्ही आणि स्टिकवरून काढली, त्यामुळे "फोनवरून लावून देऊ" हा मोठ्यांसाठीचा सोपा मार्ग तिथे बंद झाला. तिसरं आमच्या धंद्याला लागणारं. ॲमेझॉनची नवी ४के सिलेक्ट स्टिक अँड्रॉइडवर चालत नाही, त्यांच्या स्वतःच्या वेगा प्रणालीवर चालते. तिच्यात ॲमेझॉनच्या स्टोअरमधलीच ॲप बसतात. गावोगावचे इंटरनेटवाले आपलं टीव्हीचं ॲप एपीके फाइल म्हणून देतात, म्हणजे स्टोअरबाहेरून थेट टाकायची फाइल, ते यात टाकता येणार नाही. तुमचा ऑपरेटर असं ॲप देत असेल तर ही स्टिक घेण्याआधी त्याला फोन करून विचारा.

इंदिरानगरमधल्या एका निवृत्त शिक्षकांनी मोठ्या हौसेने टीव्ही घेतला, कंपनीचं नाव लिहीत नाही. खोक्यावर ज्या ॲपचं चित्र छापलं होतं तेच काही वर्षांनी त्या टीव्हीवर चालायचं थांबलं. सरांनी खोकं जपून ठेवलं होतं. ते माळ्यावरून काढून माझ्यापुढे ठेवलं आणि बोट ठेवून दाखवलं, "हे बघा, यांनीच लिहिलंय." कस्टमर केअरला फोन केला तर ते ॲपवाल्यांकडे बोट दाखवतात, ॲपवाले टीव्हीवाल्यांकडे. शेवटी सरांनी स्टिक घेतली. ॲप किती वर्षं चालेल आणि अपडेट किती वर्षं मिळतील हे खोक्यावर ठळक छापायची सक्ती व्हायला हवी. पंख्यावर आणि फ्रिजवर वीजबचतीचे स्टार छापतातच की.

मग घ्यायची कोणती? घरात यूट्यूब आणि मराठी मालिका एवढंच बघणार असाल तर दोन्ही चालतील, रिमोट हातात धरून बघा आणि मोठ्या माणसांना जमेल तो घ्या. टीव्ही आधीच गुगलचा आणि जड झाला असेल तर फायर टीव्ही स्टिक. फोटो, फोन, मेल सगळं गुगलवर असेल आणि टीव्ही नवाच घ्यायचा असेल तर गुगल टीव्ही, पण दोन जीबी तरी रॅम बघा. ॲपची सबस्क्रिप्शन वर्षाची घेऊ नका, महिन्याची किंवा तीन महिन्यांची घ्या. एचबीओच्या मालिका ३१ मार्च २०२३ नंतर हॉटस्टारवरून गेल्या आणि महिन्या-दोन महिन्यांत जिओसिनेमावर दिसल्या. त्या मालिकांसाठी हॉटस्टारचे वर्षाचे पैसे भरून बसलेल्यांच्या हातात त्यातलं काहीच राहिलं नव्हतं.

दुकानात पैसे देण्याआधी स्टिक तिथल्या टीव्हीला लावायला सांगा आणि तुम्ही रोज बघता ती ॲप एकेक करून उघडून बघा. एम.जी. रोडवर लावून दाखवणारे दुकानदार आहेत. एखादा नाही म्हणाला तर भांडत बसू नका, शेजारच्या दुकानात जा.