सोळा बाटल्या आणि एकच नंबर

कोल्हापूरच्या माझ्या मावसबहिणीने परवा एका बाटलीचा फोटो पाठवला. ‘ताई, तुमचं ते वाईनचं मंडळ आहे म्हणून विचारते. मुंबईचं एक मोठं हॉटेल बंद पडलंय, त्याचा माल आहे म्हणे. इटलीची वाईन, अठ्ठावीसशेला. घेऊ का?’ 2022 मध्ये आम्ही ज्यात फसलो ते हॉटेल तेच, भावही तोच. तिला नको म्हणून फोनवर सांगितलं, पण अशा बहिणी इतरांनाही असतील, म्हणून आमची हकीकत सविस्तर लिहिते आहे.

आम्ही नाशिकचे. आठ घरांची आमची भिशी आहे, पण भांड्यांची किंवा साड्यांची नाही, वाईनची. महिन्याला घरटी दोन हजार काढायचे, त्यातून बाटल्या घ्यायच्या, काही त्याच महिन्यात एकत्र बसून उघडायच्या आणि चांगल्या लाल वाईनच्या दोन-तीन बाजूला ठेवायच्या. नाशिकच्या उन्हाळ्यात बाटली कपाटात ठेवली तर वर्षभरात तिची वाट लागते, म्हणून वर्गणी काढून एक जुना वाईन-फ्रिज घेतला. तो आमच्याकडे असतो आणि हिशेबाची वहीही माझ्याकडेच असते. आमच्यात कुणी जाणकार वगैरे नाही. एक दंतवैद्य, दोन मास्तर, बँकेतून निवृत्त झालेली मी, आणि दिंडोरीचे आप्पा. आप्पा द्राक्ष बागाईतदार. त्यांचा बहुतेक माल खायच्या द्राक्षांचा, युरोपला जाणारा. पण चार एकरांवर शिराझ आणि काबर्ने आहे, ती वायनरीला जाते. त्यामुळे वाईनबद्दल आमच्यात कुणाला काही कळत असेल तर त्यांना, आणि ते सगळ्यांत कमी बोलतात.

2022 च्या उन्हाळ्यात आमच्या मनात सांजोवेझेचं खूळ शिरलं होतं. हे मूळ इटलीतल्या तोस्कानाचं द्राक्ष, आता आपल्या अकलूजलाही लावतात. अकलूजची वाईन आम्ही पीत होतोच, तेव्हा एकदा इटलीतली अस्सल घेऊन दोन्ही शेजारी ठेवून बघू, असं ठरलं. त्यातली मानाची वाईन म्हणजे ब्रुनेल्लो दि मोंताल्चिनो. निव्वळ सांजोवेझेची, मोंताल्चिनो या एकाच गावाच्या शिवारातली. दुकानात चौकशी केली तर किंमत ऐकूनच परत फिरलो.

मग दंतवैद्यांच्या एका पेशंटच्या ओळखीतून तो गृहस्थ आला. चाळिशीचा, नीटनेटका, बोलायला अतिशय गोड. मुंबईच्या मोठ्या हॉटेलात बारचं काम बघायचो, कोविडमध्ये हॉटेल बंद पडलं, तळघरातला साठा मालकांना गुपचूप काढायचाय, असं त्याने सांगितलं. पुढच्या भेटीत तोच माल परदेशी वकिलातीच्या करमुक्त कोट्यातला झाला. ‘वहिनी, बिल मागू नका, बिल आलं की ड्यूटी आली,’ हे वाक्य मात्र दोन्ही वेळेला होतं.

या वाक्याकडे नीट बघा, कारण सगळी मेख तिथे आहे. ऐकताना वाटतं, हा आपले पैसे वाचवतोय. प्रत्यक्षात तो आपलं तोंड बंद करत असतो. बिल नसलेली दारू घेतली की 1949 च्या दारूबंदी कायद्यात घेणाराही अडकतो, आणि मग फसलेला माणूस पोलिसांकडे जाताना दहादा विचार करतो. पैशाच्या हिशेबानेही ते वाक्य टिकत नाही. त्या वेळी युरोपातून येणाऱ्या वाईनवर सगळं मिळून 150 टक्के आयात शुल्क होतं. तिकडे 30 युरोला मिळणारी बाटली म्हणजे साधारण 2,400 रुपये; त्यावर 3,600 शुल्क, म्हणजे जहाजाचं भाडं, राज्याचा कर आणि दुकानदाराचा नफा धरायच्या आधीच सहा हजार. जी इटलीतच अडीच हजाराच्या घरात आहे, ती नाशिकला घरपोच अठ्ठावीसशेला द्यायला कुणाला परवडेल? वकिलातीचा कोटा बाजारात विकता येत नाही. आणि विमानतळावरच्या ड्यूटी फ्रीबद्दल म्हणाल तर प्रवाशाला दोन लिटरची मुभा असते, म्हणजे दोन बाटल्या आणि वर अर्धा लिटर. तिथून बाराचं खोकं कसं निघणार?

पण हे हिशेब नंतरचे. आधी त्याने आम्हाला खरी बाटली पाजली. आषाढातल्या एका रविवारी तो स्वतः आला, 2015 ची ब्रुनेल्लो त्याने आमच्यासमोर उघडली, आणि एक पैसा घेतला नाही. ती वाईन अस्सल होती, याबद्दल मला आजही शंका नाही. रंग फिका, माणकासारखा, कडेला विटकरी झाक. नाकाशी धरली की सुकलेल्या चेरी आणि चामड्याचा वास. आणि प्याल्यावर जीभ चांगली आवळणारी. आम्ही खूश झालो. बारा बाटल्यांचं खोकं सांगून टाकलं, 33,600 रुपये.

खोकं आलं ते बरोबर गटारीच्या आदल्या आठवड्यात. हा योगायोग होता असं मला वाटत नाही. मराठी घराचं कॅलेंडर त्याला पाठ होतं. गटारीला दोन बाटल्या फोडणार, मग श्रावण, मग गणपती, पितृपक्ष, नवरात्र. दोन महिने कुणी बाटलीला हात लावणार नाही, आणि तेवढ्यात त्याला पुढचे पैसे काढून घ्यायचे होते.

गटारीच्या रात्रीचं थोडं सविस्तर सांगते. दोन बाटल्या उघडल्या. मटणाचा बेत होता. या वाईनचा रंग गडद, जांभळासारखा. वास गोडसर, औषधाच्या बाटलीची आठवण करून देणारा. पहिला घोट घेऊन एक मास्तर म्हणाले, ‘वा, ही तर आणखी भरदार आहे!’ झालं. मग कुणाला प्लम लागलं, कुणाला चॉकलेट. मला ती आवडली नव्हती, माझ्या नवऱ्यालाही नव्हती, हे आम्ही एकमेकांना घरी गेल्यावर सांगितलं. तिथे बोललो नाही, कारण अठ्ठावीसशेची इटालियन वाईन आपल्याला आवडत नाही म्हणजे आपल्यालाच कळत नाही, असा एक दबाव असतो. चहा बिघडला तर आपण बेधडक सांगतो. वाईनच्या बाबतीत लेबल आधी बोलतं आणि माणसं त्याला दुजोरा देतात. आप्पांनी पेला अर्धा ठेवला आणि सोलकढी मागितली. तेव्हाच विचारायला हवं होतं, पण आप्पांना तसंही सोलकढी आवडते.

श्रावणात त्याचा फोन आला. दिवाळीचा लॉट येतोय, 2018 ची, नवी कोरी, छत्तीस बाटल्या राखून ठेवतो, साठ हजार आगाऊ द्या. दंतवैद्यांच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस दिवाळीत होता, भिशीचे पैसे साठलेले होते. दिले. विश्वास बसावा म्हणून सप्टेंबरात सहा बाटल्या आणूनही दिल्या. मग न्हावा शेवाला कंटेनर अडकलाय, कस्टमचे पंचवीस हजार भरा, एक-दोन दिवसांत सुटतो. हॉटेलच्या तळघरातला माल बंदरावर कसा पोहोचला, हे मी त्याला विचारलं. ‘वहिनी, हा दुसरा माल,’ म्हणाला. पंचवीस हजारही गेले.

कोजागिरीला सगळे जमलो. आटीव दूध होतं, पण दसरा होऊन गेल्याने फ्रिजही उघडला. ग्रुपवर फोटो टाकायचा म्हणून कुणीतरी सगळ्या बाटल्या टेबलावर रांगेने मांडल्या. आप्पा उशिरा आले, ऑक्टोबर छाटणी चालू होती. आल्या आल्या चष्मा चढवून त्यांनी बाटल्यांच्या गळ्याशी असलेली कागदी पट्टी वाचायला सुरुवात केली. एक, दुसरी, तिसरी. मग म्हणाले, ‘वहिनी, या सगळ्यांचा नंबर एकच कसा?’

इटलीत सर्वांत वरच्या दर्जाच्या म्हणजे डीओसीजी वाईनच्या बाटलीवर सरकारी पट्टी असते. ती तिथल्या सरकारी टांकसाळीत छापली जाते, तिच्यावर अक्षरं आणि आकडे असतात, आणि प्रत्येक बाटलीचा क्रमांक वेगळा असतो. ती अशी चिकटवतात की फाडल्याशिवाय बूच काढता येत नाही. म्हणजे मूळची रिकामी बाटली मिळवून त्यात काहीही भरलं, तरी पट्टी नवी लागते. आमच्यासमोर सोळा बाटल्या होत्या, दहा 2016 च्या आणि सहा 2018 च्या, आणि सोळांवर एकाच पट्टीची रंगीत झेरॉक्स. बहुधा आम्हाला पाजलेल्या त्या अस्सल बाटलीचीच असावी.

आप्पांनाच हे का दिसलं, याचं उत्तर वाईनमध्ये नाही. त्यांची द्राक्षं युरोपला जातात. शेतमालाची निर्यात बघणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेची ग्रेपनेट ही व्यवस्था 2006 पासून आहे. बागेची नोंदणी, औषधांच्या अंशाची तपासणी, पेटी आणि पॅलेटचा नंबर, सगळं जोडलेलं. 2010 साली लिहोसिन या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली तेव्हा दिंडोरी-निफाडच्या बागाईतदारांनी काय भोगलं, ते त्यांना विचारा. ‘आमच्या पेटीवर नंबर चुकला तर रॉटरडॅमला माल पडून राहतो. मला आधी नंबर दिसतो, मग माल,’ एवढंच ते म्हणाले. आणि गटारीला गप्प का बसलात म्हटल्यावर, ‘तुम्ही सगळे एवढे खूश होता!’

दुसरी गोष्ट मला नंतर वाचताना कळली, आणि ती पट्टीपेक्षाही सोपी आहे. ब्रुनेल्लो सुगीनंतरच्या पाचव्या वर्षाच्या 1 जानेवारीआधी बाजारात आणताच येत नाही, तसा नियमच आहे. म्हणजे 2018 ची ब्रुनेल्लो जानेवारी 2023 च्या आधी कुठेच मिळू शकत नव्हती, खुद्द मोंताल्चिनोतही नाही. आमच्याकडे ती सप्टेंबर 2022 मध्ये येऊन बसली होती!

मोठमोठे लोकही असेच तारखांवरून फसवणूक पकडतात, जिभेवरून नाही. 2008 साली न्यूयॉर्कच्या एका लिलावात फ्रान्सच्या पोन्सो घराण्याच्या क्लो सँ-दनी या मळ्यातल्या वाईनच्या 1945 ते 1971 मधल्या बाटल्या आल्या होत्या, आणि त्या घराण्याने त्या मळ्याची वाईन करायला सुरुवातच 1982 मध्ये केली होती. त्या घराण्यातले लोराँ पोन्सो स्वतः तिथे गेले आणि बाटल्या मागे घ्यायला लावल्या. त्या आणणारा रूडी कुर्निआवान 2012 मध्ये पकडला गेला आणि 2014 मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. तोवर अमेरिकेतले धनाढ्य शौकीन त्याच्या हातचं मिश्रण वर्षानुवर्षं वाखाणत होते. आमच्या मास्तरांना हे वाचून फार बरं वाटलं.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या त्या गृहस्थाचा फोन लागला, तिसऱ्या दिवसापासून बंद. तक्रार करायची की नाही यावर भिशीत जुंपली. ‘आपलंच नाव येईल’, ‘मुलीचं लग्न ठरतंय’, ‘लाखभरच तर गेलेत’. अचूक सांगायचं तर 1,18,600. शेवटी आप्पांनी एक वेगळा मुद्दा काढला: आपण जे प्यायलो ते होतं काय? 2015 साली मालवणीत मिथेनॉलच्या दारूने शंभरावर माणसं गेली. आपण दोन बाटल्या पिऊन जिवंत आहोत ते भरणाऱ्याने स्वस्त पोर्ट वाईन वापरली असेल म्हणून. पुढच्या खोक्यात तो काय भरेल कुणी सांगावं? त्यानंतर वाद संपला.

मी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून यूपीआयचे व्यवहार नोंदवले. हा फोन पहिल्या काही तासांत केला तर पैसे वाटेत अडवता येतात; आमचे शेवटचे पंचवीस हजार जाऊनही बरेच दिवस झाले होते. खातं निघालं तिसऱ्याच कुणाचं तरी, आणि त्यात शिल्लक होती नावाला. उत्पादन शुल्क खात्याकडे गेलो, तर तिथल्या माणसांनी सगळ्यांत आधी आमचे दारूचे परवाने विचारले. भिशीत सगळ्यांचे होते, मी बँकेतली असल्यामुळे तो कागद आधीपासून फाइलला लावून ठेवला होता. बिलाबद्दल कानउघाडणी झाली, ती ऐकून घेतली. बाकी त्यांनी सौजन्यानेच वागवलं. आमच्यासारखे लोक येतच नाहीत, म्हणून हे धंदे चालतात, असं तिथले एक जण म्हणाले. मोठ्या हॉटेलांच्या रिकाम्या बाटल्यांना भंगारात वेगळा भाव का मिळतो, हेही त्यांनीच सांगितलं. तेव्हापासून आमच्याकडे महागडी बाटली संपली की लेबल खरवडून काढलं जातं.

कोल्हापूरच्या बहिणीला मी एवढंच बघायला सांगितलं आहे: रीतसर आलेल्या परदेशी बाटलीवर भारतातल्या आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, एफएसएसएआयचा परवाना क्रमांक आणि मद्यपानाचा इशारा छापलेला असतो. बाटली फिरवून बघ. तो स्टिकर नसेल तर पुढचं काहीही ऐकायचं नाही, हॉटेल बंद पडो की वकिलात. दोन बाटल्या असतील तर पट्ट्या शेजारी धरून वाच. आणि आधी चाखवलेली बाटली छान होती, हे तिने मला दोनदा सांगितलं. ती छान असणारच, तोच त्याचा सगळ्यात मोठा खर्च असतो.

आमच्या भिशीत आता बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून येतात. लेबल शेवटी उघडायचं, आणि आधी आप्पांनी बोलायचं. ते तीन शब्दांच्या वर जात नाहीत, पण गेल्या महिन्यात एका चांगल्या नाशिकच्या शिराझला ‘बूच सडलंय याचं’ म्हणाले आणि खरंच सडलेलं निघालं. त्या सोळा बाटल्या खात्याने जप्त केल्या. पंचनाम्याची प्रत माझ्या फाइलीत आहे. त्यात ब्रुनेल्लो, तोस्काना, 2016, 2018 यातलं काहीही नाही. ‘विदेशी बनावटीचे लेबल असलेल्या काचेच्या बाटल्या, नग 16, त्यामध्ये लाल रंगाचा द्रव पदार्थ’ असं लिहिलं आहे, आणि खाली पंच म्हणून आमच्या सोसायटीच्या वॉचमनची सही.