लिंक स्पीडचा आकडा आधी वाचा: २.४, ५ की सरळ वायर?

प्लॅन २०० एमबीपीएसचा. हॉलमध्ये मोबाइलवर स्पीड टेस्ट केली की १८०-१९० यायचे आणि आतल्या खोलीतल्या पीसीवर २१. बरेच महिने हे चाललं होतं. भाचीचे ऑनलाइन क्लास सुरू झाले, तिचा आवाज मधेच तुटायला लागला, तेव्हा मी नवा राउटर आणायला निघालो होतो. आणला असता तर पैसे वाया गेले असते, कारण दोष जुन्याच राउटरच्या एका सेटिंगमध्ये होता.

म्हणून खर्चाचा विचार करण्याआधी एक आकडा बघा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडा, नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये वायफायवर जा आणि जोडलेल्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज बघा. तिथे प्रोटोकॉल, नेटवर्क बँड (वायफाय २.४ की ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओ-पट्ट्यात चालतंय ते) आणि लिंक स्पीड अशा ओळी असतात. मॅकवर ऑप्शन की दाबून धरून वरच्या पट्टीतल्या वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की हीच माहिती मिळते. लिंक स्पीड म्हणजे पीसी आणि राउटर यांच्यात ठरलेला वेग, इंटरनेटचा नव्हे. त्यातला निम्म्याच्या आसपास हाती लागला तरी ठीक समजायचं, कारण एका चॅनलवर एका वेळी एकालाच बोलता येतं आणि बराच वेळ पोच देण्या-घेण्यात जातो.

आमच्या पीसीवर तो आकडा ५४ होता. सिग्नल चांगला असताना ५४ च्या वर काही केल्या जात नसेल, तर पीसी २००३ सालच्या ८०२.११जी या मोडवर अडकलाय असं समजा. (‘बी’, ‘जी’, ‘एन’, ‘एसी’ ही वायफायच्या एकामागून एक आलेल्या पिढ्यांची नावं.) ७२ म्हणजे ‘एन’ मोड, पण एकच अँटेना आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ. १४४ म्हणजे तेच, दोन अँटेनांनी. रुंदी ४० केली की हे आकडे १५० आणि ३०० होतात. ५ गिगाहर्ट्झवर ‘एसी’ मोडमध्ये एका अँटेनाला ४३३, दोघींना ८६७. तुमचा आकडा यांच्यापैकी कशाच्या जवळ आहे, त्यावरून दुखणं कुठे आहे ते कळतं.

आमच्या पीसीतलं वायफाय कार्ड ‘एन’चं होतं, राउटरचा २.४ चा पट्टाही. तरी ५४ च. राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर वायरलेस सिक्युरिटीत बघितलं तर डब्ल्यूपीए-टीकेआयपी ही जुनी सुरक्षा पद्धत निवडलेली. जुना प्रिंटर जोडता यावा म्हणून कधीतरी मीच तसं केलं होतं. ‘एन’ मोडचा नियमच असा आहे की टीकेआयपी किंवा त्याहून जुनं डब्ल्यूईपी वापरलं की वरचे वेग मिळत नाहीत. त्याजागी नवी पद्धत डब्ल्यूपीए२-एईएस निवडली, पीसी पुन्हा जोडला आणि आकडा १४४ वर गेला. स्पीड टेस्टवर ६० च्या पुढे. एक रुपया खर्च नाही. डब्ल्यूएमएम नावाचा (आवाज-व्हिडिओला आधी वाट देणारा) पर्याय बंद असला तरी असंच ५४ वर अडकतं, तोही चालूच ठेवा. डब्ल्यूपीए३ आणि डब्ल्यूपीए२-एईएस यांत निवडायचं असेल आणि घरात जुनी उपकरणं असतील, तर दोन्ही चालणारा मिश्र पर्याय घ्या. फक्त डब्ल्यूपीए३ ठेवलंत तर जुनं कार्ड जोडलंच जाणार नाही.

मोड मिश्र ठेवायचा की फक्त ‘एन’? माझं मत, ‘जी’ आणि ‘एन’ मिश्र ठेवा आणि ‘बी’ बंद करा. ‘बी’चं ११ एमबीपीएसवालं एखादं उपकरण हळू बोलतं, तेवढा वेळ बाकीचे ताटकळतात. ‘जी’ काढून मात्र फारसं काही मिळत नाही, उलट कुणाचा तरी प्रिंटर नाहीतर जुना फोन घराबाहेर पडतो.

रुंदीच्या बाबतीत मी स्वतः फसलो. २.४ वर २० ऐवजी ४० निवडलं, लिंक स्पीड ३०० दिसला, मन सुखावलं. संध्याकाळी स्पीड टेस्टवर मात्र आधीपेक्षाही कमी, आणि व्हिडिओ अडखळायला लागले. आमच्या तिसऱ्या मजल्यावरून शेजाऱ्यांची चौदा नेटवर्क दिसतात. या पट्ट्यात एकूण जागाच ८३.५ मेगाहर्ट्झ. एकमेकांवर न चढणारी चॅनल तीनच: १, ६ आणि ११. त्यात आपण ४० घेऊन बसलो की निम्मी जागा व्यापतो आणि दोन शेजाऱ्यांशी भांडण ओढवून घेतो. फ्लॅट असेल तर २०, मळ्यातलं सुटं घर असेल तर ४०, इतकं सरळ आहे.

आता खरी निवड: २.४ की ५ गिगाहर्ट्झ. मधे एखादीच भिंत असेल तर ५, डोळे झाकून. चॅनल जास्त, गर्दी कमी, मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथचा त्रास नाही. पण ५ ला भिंती सोसत नाहीत. आमच्या आतल्या खोलीच्या वाटेत दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट आहे. नंतर लावलेल्या ‘एसी’ डोंगलवर दार उघडं असताना ८६७ दाखवणारा आकडा दार लावलं की ४३३ च्या खाली येतो. तरीही स्पीड टेस्टवर तो २.४ च्या दुपटीने येतो. जुन्या वाड्याच्या जाड दगडी भिंती असतील, तर २.४ चे स्थिर ४० एमबीपीएस हे ५ च्या येणाऱ्या-जाणाऱ्या १५० पेक्षा क्लाससाठी बरे. दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं द्या, म्हणजे पीसी आपोआप २.४ वर जाऊन बसत नाही. पीसीला ५ चं नाव दिसतच नसेल तर राउटरवर चॅनल ३६ लावून बघा. तरी दिसलं नाही, तर तुमचं कार्ड बहुधा फक्त २.४ चं आहे.

मग डोंगल (यूएसबीत खोचायचा वायफायचा तुकडा) घ्यायचा की पीसीच्या आत बसणारं कार्ड? डोंगलच्या खोक्यावरच्या आकड्याने भुलू नका. एसी ६०० म्हणजे १५० आणि ४३३ यांची बेरीज आहे, आणि एका वेळी त्यातलं एकच वापरता येतं. एसी १२०० घ्या, आणि तो यूएसबी ३ च्या पोर्टात लावा. यूएसबी २ मध्ये त्याचा दम कोंडतो. नखाएवढा डोंगल पीसीच्या मागे, पत्र्याच्या डब्याआड लावला तर त्याला काही ऐकूच येत नाही. हातभर एक्स्टेन्शन वायर लावून तो टेबलावर आणा. मी आणला, आणि सिग्नलच्या दोन कांड्या वाढल्या. २.४ वर असाल तर शेजारी यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावू नका. तिच्यातून निघणारा गोंगाट याच पट्ट्यात पडतो. कार्ड जास्त टिकाऊ, पण लोहचुंबकाच्या तळाची, वायरवर पुढे ओढता येणारी अँटेना असेल तरच घ्या.

वायफायचा सिग्नल पुढे ढकलणारा रिपीटर मी सुचवणार नाही. एकाच रेडिओवर ऐकून पुन्हा तेच बोलायचं म्हणजे वेग निम्मा होतो. फोनला चालेल, पीसीला नको.

पीसी जागचा हलत नाही, म्हणून माझा कौल वायरला आहे. कॅट ५ई ही नेटवर्कची केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएस नेते, आणि मधे कपाट आलं तरी तिला फरक पडत नाही. भाड्याच्या घरात भिंत फोडता येत नसेल, तर स्कर्टिंगवरून केसिंग पट्टी मारा. एवढंच बघा की राउटरचं वायर खोचायचं लॅन पोर्ट गिगाबिट आहे. १०० चं असेल तर हातात ९४ च्या आसपासच येतील. प्लॅन १०० चा असेल तर तेही पुरतं.

आमच्याकडे राउटर गिगाबिट, पीसी गिगाबिट, नवी कोरी वायर, आणि प्रॉपर्टीजमध्ये लिंक स्पीड १००/१००. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. म्हणजे कुठेतरी एखादी जोडी सुटलेली. इलेक्ट्रिशियनने पीसीकडचा जॅक उजेडात धरला, तर तपकिरी तार टोकापर्यंत पोहोचलेलीच नव्हती. त्याने जॅक कापला, रंग पुन्हा लावून घेतले, क्रिंप केला आणि खोचला. भाचीने पान रिफ्रेश केलं: १०००/१०००.