एक दिवसाचा देशव्यापी संप की आपल्या गेटवरचा बेमुदत?

इंदूरच्या सांवेर रोड किंवा जवळच्या पीथमपूर औद्योगिक भागातल्या एखाद्या कारखान्याची युनियन समिती हा प्रश्न घेऊन बसली असेल, तर आधी मागणी कोणाकडे आहे ते पाहावं. कामगार संहिता, किमान वेतन, पेन्शन या मागण्या सरकारकडच्या. त्यांच्यासाठी ९ जुलै २०२५ ला झाला तसा केंद्रीय संघटनांचा एक दिवसाचा संपच योग्य. रखडलेला वेतनकरार किंवा कामावरून काढलेले सोबती हा मात्र मालकाशी वाद आहे, आणि एका दिवसाने मालक हलत नाही. रविवारी जादा पाळी लावून तो माल भरून काढतो.

नोटीस दोन्हीकडे लागतेच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार प्रत्येक कारखान्यात किमान १४ दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती ६० दिवस चालते. ‘संप देशाचा आहे, आपण फक्त सामील होतोय’ असं म्हणून सुटका होत नाही. ‘सगळे मिळून रजा टाकू’ हीसुद्धा पळवाट उरलेली नाही, कारण निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तो संपच धरला जातो. बेकायदा संपात उतरणाऱ्या कामगाराला १ हजार ते १० हजार रुपये दंड, चिथावणी देणाऱ्याला १० हजार ते ५० हजार, आणि दोघांनाही एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. शिवाय दहा किंवा अधिक जणांनी ठरवून, नोटीस न देता आणि सबळ कारण नसताना दांडी मारली, तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो.

खरी अडचण तारखेची आहे. नोटीस मिळाल्यावर समेट अधिकाऱ्याने, म्हणजे दोन्ही बाजूंत तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने, पहिली बैठक घेतली की समेटाची कार्यवाही सुरू होते. ती चालू असताना आणि संपल्यावर सात दिवस संप करता येत नाही. देशव्यापी संपाची तारीख दिल्लीत ठरते, ती तुम्हाला सरकवता येत नाही. त्यामुळे लेबर ऑफिसातली एक बैठक तुमचा तो दिवस बेकायदा ठरवू शकते. बेमुदत संपाची तारीख निदान पुढे ढकलायची मुभा असते.

आता पैशाचं. एका दिवसाच्या संपात एका दिवसाचा पगार जातो, तो सोसता येतो. बेमुदत संपात पहिला महिना किराण्याच्या उधारीवर निघतो. दुसऱ्या महिन्यात किरायाच्या खोलीचा मालक दारात उभा राहतो, मोटरसायकलचा हप्ता चुकतो, शाळेची फी थकते. समितीने मतदानाआधी पाच-दहा घरांत बसून हा हिशेब मांडावा, आणि तो घरातल्या बायकांकडून घ्यावा, कारण उधारी कुठपर्यंत ताणेल हे त्यांनाच नेमकं ठाऊक असतं. दोन महिन्यांचा शिधा चंद्यातून भागत नसेल, तर ‘बेमुदत’ हा शब्द गेट मीटिंगमध्ये उच्चारूही नये.

मुंबईचा १९८२ चा गिरणी संप हेच सांगतो. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. कोकणातल्या, घाटावरच्या घरांनी त्यातल्या अनेकांना जगवलं, पण गावी गेलेला माणूस गेटवर उरला नाही. मालकांकडे न विकलेल्या कापडाचे साठे होते, काम यंत्रमागांकडे वळत होतं, त्यांना घाई नव्हती. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, आणि हजारो लोक कायमचे कामाला मुकले. इंदूरकरांना मिल बंद पडणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद झाली. कामगारांच्या देण्याचे २२४ कोटी द्यायला डिसेंबर २०२३ उजाडला. म्हणून तुमच्या मालकाला कारखाना चालवायचा आहे की जागा विकायची आहे, हे शोधून काढा. विकायची असेल तर बेमुदत संप त्याच्याच पथ्यावर पडेल.

१९७४ च्या रेल्वे संपाचा धडा वेगळा. संप ८ मे पासून होता, त्याचे पुढारी जॉर्ज फर्नांडिस यांना २ मे लाच अटक झाली. एक दिवसाच्या संपात पुढारी आत गेला तरी दिवस पार पडतो. बेमुदतमध्ये दुसरी आणि तिसरी फळी आधीच नेमलेली हवी. बॉयलर, भट्टी, अमोनियाची टाकी यांच्यावर कोण थांबणार त्यांची यादीही नोटिसीसोबतच व्यवस्थापनाला द्यावी. एखादा अपघात झाला तर माणसं जातील, आणि मग मागणीकडे कोणी पाहणार नाही.

माझं स्पष्ट मत: ठेक्याचे कामगार तुमच्यासोबत नसतील तर बेमुदतच्या वाटेला जाऊ नका. त्यांच्या जिवावर पाळ्या चालूच राहतील. त्याऐवजी एक दिवसाच्या संपात त्यांना घेऊन उतरा, आणि कुठल्या खात्यातून किती जण आले, कोणत्या पाळीत फूट पडली, हे वहीत लिहून ठेवा. ठेक्याचे लोकही त्या दिवशी कामावर न जाता संपात राहिले, तर पुढच्या वेतनकराराच्या वेळी बेमुदतचा विचार करता येईल. आणि तो केलाच, तर समझोत्यात पहिली ओळ ‘संपाच्या कारणावरून कोणावरही कारवाई नाही’ अशी घ्या, त्यात ठेक्याच्या कामगारांचा उल्लेख ठेवा, आणि ती लेखी मिळाल्याशिवाय कामावर परतू नका.