मेंटीमीटर: तोच प्रश्न तीन बॅचना विचारला, तर उत्तरं ताडून बघता येतात का?

येतात, आणि चांगली येतात. मात्र पूर्वतयारी काटेकोर हवी.

मेंटीमीटर म्हणजे प्रशिक्षणात किंवा सभेत लोकांची मतं मोबाइलवरून घेऊन निकाल लगेच पडद्यावर दाखवणारं ऑनलाइन साधन. सहभागी लोकांसाठी ते अगदी सोपं आहे. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये कोड टाकायचा किंवा क्यूआर स्कॅन करायचा की मत देता येतं. त्यांना ॲप उतरवावं लागत नाही, खातंही उघडावं लागत नाही. खरी कसोटी प्रशिक्षकाची असते.

प्रत्येक बॅचआधी त्याच प्रेझेंटेशनचे निकाल रीसेट करायचे. जुनी मतं आधीचं सत्र म्हणून जपली जातात आणि नवं सत्र सुरू होतं. हे राहून गेलं तर सकाळची ४२ आणि दुपारची ३८ मतं ८०च्या एकाच आलेखात मिसळतात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक बॅचसाठी प्रेझेंटेशनची कॉपी काढणं. कॉपी म्हणजे स्वतंत्र प्रेझेंटेशन. तिचे निकाल मूळ फाइलच्या सत्रांत दिसत नाहीत, मग हाताने जुळवाजुळव करावी लागते. पहिल्या बॅचनंतर प्रश्नाचे शब्द, पर्याय किंवा त्यांचा क्रम बदलू नका. एखादा पर्याय बदलला की त्या प्रश्नाची तुलना बाद समजा.

मत देताना आलेख पडद्यावर दिसत असेल तर उशिरा मत देणारे गर्दीच्या बाजूला झुकतात. मतदान संपेपर्यंत निकाल झाकून ठेवा, आणि तेही सगळ्या बॅचमध्ये सारखंच.

आकडे वाचताना घाई नको. २० जणांच्या बॅचमध्ये एक मत म्हणजे ५ टक्के. ४०-४० जणांच्या दोन बॅचमध्ये १५-२० टक्क्यांचा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो, म्हणून टक्केवारीशेजारी मतांची संख्या लिहायलाच हवी. स्केलच्या, म्हणजे १ ते ५ गुण देण्याच्या प्रश्नात नुसती सरासरीही फसवते: निम्म्यांनी १ आणि निम्म्यांनी ५ दिले, किंवा सगळ्यांनी ३ दिले, तरी सरासरी ३च येते.

प्रशिक्षणाआधी आणि नंतर तोच प्रश्न विचारायचा असेल तर मोठी अडचण अशी की मतं निनावी असतात. गट किती बदलला ते कळतं, कोण बदललं ते कळत नाही. त्यावर उपाय म्हणजे दोन्ही सत्रांची सुरुवात एका खुल्या प्रश्नाने करणं: आईच्या नावाची पहिली दोन अक्षरं आणि स्वतःच्या जन्मतारखेचा दिवस. त्या खुणेवरून एक्सेलमध्ये जोड्या लावता येतात. एक्सेल फाइल मात्र सशुल्क योजनेतच मिळते. मोफत योजनेला महिन्याला ५० सहभागींची मर्यादा आहे, म्हणजे दुसऱ्या बॅचलाच अडायला होतं.

मराठी वर्डक्लाउडवर (जास्त वेळा आलेले शब्द मोठे दाखवणारं शब्दचित्र) तुलना मुळीच बेतू नका. 'पाणी', 'पाण्याची', 'पाणीटंचाई' आणि रोमन लिपीतलं 'pani' हे चार वेगळे शब्द मोजले जातात. एका बॅचने प्रत्यय लावले आणि दुसरीने लावले नाहीत, तर मत एकच असूनही चित्र वेगळं दिसतं. वर्डक्लाउड पहिल्या बॅचला वापरा, त्यात आलेल्या शब्दांतून पाच-सहा पर्याय काढा आणि पुढच्या सगळ्या बॅचना तो प्रश्न बहुपर्यायी करून विचारा; तुलना त्या बॅचमध्येच करा.