घोट्याचं दुसरं ऑपरेशन: पुण्यातल्या एका हॉस्पिटलचा अनुभव

मी कथक शिकवते. तत्कारात पाय सतत जमिनीवर आपटतो, त्यामुळे उजवा घोटा दुखू लागला तेव्हा सगळ्यांनी मुरगळ म्हणून सोडून दिलं. एमआरआयमध्ये निघालं की नडगीच्या खालचं टॅलस हाड आणि त्यावरची कूर्चा दोन्ही खराब झालीत. एका ठिकाणी दुर्बिणीतून हाडाला बारीक छिद्रं पाडून घेतली. काही महिने बरे गेले, मग जिना उतरताना पुन्हा तीच कळ.

इथल्या डॉक्टरांनी नवा सीटी स्कॅन लावून जखम माझ्यासमोर मोजली. खाली हाडात पोकळीही होती. कूर्चेला रक्तपुरवठा नसतो, छिद्रांतून आलेल्या रक्तातून जी भरते ती तंतुमय, मूळच्यापेक्षा कमजोर. लहान जखमेला ती चालते. साधारण १५० चौरस मिलिमीटरच्या वर गेली की टिकायची शक्यता घटते. माझी त्याहून मोठी होती. पहिल्या ठिकाणी हे कोणी मोजून सांगितलंच नाही, याचा मला आजही राग आहे.

मग गुडघ्याच्या कमी भार येणाऱ्या कडेवरून कूर्चेसकट हाडाचे छोटे दंडगोल काढून टॅलसमध्ये बसवले. जखम आतल्या बाजूला, म्हणून आतला घोटा कापून आत जावं लागलं. तो स्क्रूंनी परत जोडला. गुडघाही दुखणार हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. खरंच दुखला, आणि सुरुवातीला घोट्यापेक्षा जास्त.

सगळ्यात जास्त मार्क फिजिओच्या मॅडमना. सहा आठवडे पाय टेकायचा नव्हता. नंतर त्यांनी घरच्यासारखाच वजनकाटा समोर ठेवला: "ताई, काटा वीसवर आला की बास." रोज थोडं वाढवत पूर्ण वजनापर्यंत आणलं. तत्काराचा दणका किती बसतो ते कळावं म्हणून माझ्या क्लासचा व्हिडिओ मागून पाहिला, मगच उभं राहून सपाट पावलांचा ठेका धरायला परवानगी दिली. इतकं कोण करतं?

एक तारा मात्र कापते. कॅशलेसची मंजुरी येईना म्हणून डिस्चार्जच्या दिवशी संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं, आणि पार्किंगचा उतार वॉकरवाल्यांसाठी फार तीव्र आहे. जाणार असाल तर सोबत माणूस न्या, आणि आधीच्या ऑपरेशनची सीडी व नोट्सही. डॉक्टर पहिल्यांदा तेच मागतात.